निरोग्याची परीक्षा, रोग्याची उपेक्षा

रक्ताची कोणतीही तपासणी दोन प्रकारे खोटे बोलू शकते. रोग असताना ‘नाही’ म्हणते, किंवा रोग नसताना ‘आहे’ म्हणते. पहिल्या खोट्याची भीती आपल्या सगळ्यांना असते. दुसऱ्याची मात्र फारशी कोणी फिकीर करत नाही. ‘तपासून घेतलं तर बिघडलं काय?’ हे वाक्य मी रोज ऐकतो. बिघडते, आणि कधी कधी बरेच बिघडते. याचे सध्याचे उत्तम उदाहरण म्हणजे निरोगी प्रौढांमध्ये केली जाणारी ग्रोथ हार्मोनची तपासणी.

ओपीडीत अलीकडे पस्तिशी-चाळिशीतली, धडधाकट माणसे हातात रिपोर्टांची जाड फाइल घेऊन येतात. कोणी जिममधल्या सल्ल्यावरून तपासणी केलेली असते, कोणी ‘वय रोखण्याच्या’ जाहिरातीला भुलून, तर कोणाच्या चेकअपच्या यादीत ती इतर चाळीस तपासण्यांबरोबर आलेली असते. ग्रोथ हार्मोनसमोर ‘लो’ छापलेले असते आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘इंजेक्शनं सुरू करायची का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असते. ते ‘नाही’ का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

शितावरून भाताची परीक्षा होत नाही

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका किंवा पिट्युटरी. ग्रोथ हार्मोन तिथून रक्तात येते. लहानपणी ते उंची वाढवते म्हणून त्याला हे नाव पडले. पण उंची थांबल्यावर त्याचे काम थांबत नाही. स्नायू टिकवणे, पोटावरची चरबी वितळवणे, हाडे मजबूत ठेवणे, उपाशीपोटी रक्तातली साखर सावरणे अशी कामे ते आयुष्यभर करते. वयाबरोबर त्याचे प्रमाण उतरत जाते आणि ते स्वाभाविक आहे.

अडचण अशी की हे हार्मोन थायरॉइडसारखे दिवसभर एका पातळीवर नसते. ते लाटांनी येते. सर्वांत मोठी लाट रात्री, गाढ झोप लागल्यावर येते. रक्तात आलेले हार्मोन वीसेक मिनिटांत निम्मे होते. त्यामुळे सकाळी दहा वाजता घेतलेल्या नमुन्यात पूर्ण निरोगी माणसाचेही ग्रोथ हार्मोन जवळजवळ शून्य असू शकते. एका शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात सारखा शिजलेला असतो. इथे तसे नाही. पुण्यात दुपारी नळ उघडला आणि कोरडा निघाला, म्हणून खडकवासला आटले असे कोणी म्हणत नाही. पाणी यायची वेळ ठरलेली असते, हे आपल्याला ठाऊक असते. एका नमुन्यातल्या ग्रोथ हार्मोनवरून ‘कमतरता’ ठरवणे हा नेमका तोच प्रकार आहे.

म्हणून या हार्मोनसाठी वेगळी पद्धत निघाली. ग्रंथीला मुद्दाम डिवचायचे आणि ती किती उसळी घेते ते मोजायचे. हीच उत्तेजन चाचणी, म्हणजे स्टिम्युलेशन टेस्ट. १९६३ मध्ये जेसी रॉथ, सीमोर ग्लिक, रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी दाखवून दिले की रक्तातली साखर एकदम खाली आली की ग्रोथ हार्मोन उसळते. रक्तातली अतिसूक्ष्म हार्मोने मोजण्याची पद्धत यालो आणि बर्सन यांनीच विकसित केली होती. त्यासाठी यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. इन्शुलिनची चाचणी या शोधावर उभी आहे आणि आजही ती मापदंड मानली जाते.

ती कशी करतात हे वाचकांनी समजून घ्यावे. उपाशीपोटी रुग्णाला शिरेतून इन्शुलिन देतात. साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली उतरेपर्यंत थांबतात. घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. शेजारी ग्लुकोजचे इंजेक्शन भरून ठेवलेले असते आणि डॉक्टरला जागचे हलता येत नाही. दोन तास ठरावीक अंतराने रक्त काढत राहतात. हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांना ही चाचणी वर्ज्य आहे. तिला पर्याय म्हणून ग्लुकागॉनचे इंजेक्शन, आर्जिनीनचे सलाईन, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मॅसिमोरेलिन हे तोंडाने घ्यायचे औषध आले. त्रास कमी झाला, पण मूळ प्रश्न सगळ्यांचा एकच राहिला : उसळी किती असली म्हणजे पुरेशी?

रेघ कुठे मारायची?

ही रेघ निसर्गाने मारलेली नाही, माणसांनी मारली आहे. इन्शुलिन चाचणीत प्रौढांसाठी ती साधारण ५ नॅनोग्रॅमवर आहे; युरोपातल्या डॉक्टरांनी गंभीर कमतरतेसाठी ती ३ वर ठेवली. ग्लुकागॉनमध्ये ३, पण माणूस लठ्ठ असेल तर १. मॅसिमोरेलिनमध्ये २.८. मुलांच्या बाबतीत तर इतिहास अधिक बोलका आहे. १९५८ पासून ग्रोथ हार्मोन मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींतून काढले जाई. ते अतिशय दुर्मीळ होते आणि तेव्हा कमतरतेची रेघही खाली होती. १९८५ मध्ये या हार्मोनमधून मेंदूचा एक जीवघेणा आजार पसरल्याचे उघड झाले, ते बंद पडले आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्रज्ञानाने कारखान्यात बनवलेले हार्मोन बाजारात आले. पुरवठा मुबलक झाला आणि रेघ वर सरकत १० नॅनोग्रॅमपर्यंत गेली. मुलांच्या ग्रंथी त्या काळात बदलल्या नव्हत्या.

१९९४ मध्ये अमेरिकेत एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसामान्य उंचीच्या, निरोगी मुलामुलींवर व्यायाम, आर्जिनीन आणि इन्शुलिन अशा चाचण्या केल्या. वयात न आलेल्या मुलांपैकी ६१ टक्के मुले तिन्ही चाचण्यांत ७ नॅनोग्रॅमची रेघ ओलांडू शकली नाहीत. त्यांच्यात काही उणे नव्हते. उणे होते ते रेघेत. पुढे अशा वयाच्या मुलांना चाचणीआधी काही दिवस लैंगिक हार्मोन देऊन ग्रंथीला ‘तयार’ करावे की नाही, यावर वाद सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही.

प्रौढांमध्ये चित्र थोडे बरे आहे, पण निश्चिंत होण्यासारखे नाही. २००२ मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या चाचण्यांची तुलना झाली. एका बाजूला पीयूषिकेचा सिद्ध झालेला आजार असलेले ३९ रुग्ण, दुसऱ्या बाजूला वय, लिंग, वजन जुळवून निवडलेले ३४ निरोगी लोक. इन्शुलिन चाचणीने ५.१ नॅनोग्रॅमच्या रेघेवर ९६ टक्के रुग्ण बरोबर पकडले आणि ९२ टक्के निरोग्यांना बरोबर सोडून दिले. परीक्षेत ९६ आणि ९२ गुण म्हणजे हुशार विद्यार्थी. मग माझी तक्रार काय?

तक्रार गणिताची आहे, आणि ते गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. प्रौढांमधील ग्रोथ हार्मोनची कमतरता दर दहा हजारांत साधारण दोन-तीन जणांना असते, असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांत दिला जातो. आता समजा, पुण्यातल्या १०,००० माणसांची सरसकट ही चाचणी केली. खरे रुग्ण तीन. ते तिघेही सापडतील असे धरू. उरले ९,९९७ निरोगी. त्यांतल्या ८ टक्के लोकांना चाचणी चुकून ‘कमतरता’ ठरवणार, म्हणजे सुमारे ८०० जणांना. एकूण ८०३ जणांच्या हाती ‘लो’ असा रिपोर्ट पडेल आणि त्यांतले खरे फक्त तीन असतील. चाचणी तीच, गुण तेच. पण ती कोणाला लावली, यावर तिचा अर्थ बदलला. पीयूषिकेवर शस्त्रक्रिया झालेल्या माणसात ‘लो’ आले तर ते बहुधा खरे असते. काहीच त्रास नसलेल्या माणसात आले तर ते जवळजवळ नक्कीच खोटे असते.

डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हे मान्य केले आहे. ग्लुकागॉन चाचणीत जास्त वजनाच्या व्यक्तीबद्दल आधीपासून दाट शंका असेल तर ३ ची रेघ वापरा, शंका कमी असेल तर १ ची वापरा, असे २०१९ च्या अमेरिकी सूचना सांगतात. याचा अर्थ उत्तर वाचण्याआधी प्रश्न कोणी आणि का विचारला, हे पाहावे लागते. लॅबच्या कागदावर हे छापलेले नसते.

पुण्याने जगाला दिलेला एक धडा

या रेघेला आपल्यापुरता आणखी एक पेच आहे आणि तो समजावून सांगायला पुण्याइतके योग्य गाव दुसरे नाही.

ग्रोथ हार्मोनची उसळी वजनावर अवलंबून असते. लठ्ठ माणसात ग्रंथी निरोगी असूनही उसळी दबते. वजन उतरवले की ती परत येते. म्हणून काही चाचण्यांत बीएमआयप्रमाणे वेगवेगळ्या रेघा आखल्या आहेत. आर्जिनीनबरोबर ग्रोथ हार्मोनला चालना देणारे दुसरे हार्मोन देऊन केलेल्या चाचणीत बीएमआय २५ पेक्षा कमी असेल तर ११.५ नॅनोग्रॅम, २५ ते ३० असेल तर ८, आणि ३० च्या वर असेल तर ४.२. हे आकडे युरोपीय लोकांवरून काढलेले आहेत.

आता २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले एक छायाचित्र आठवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडसडीत, काट्यावर सारखे, आतून मात्र दुपटीहून अधिक फरक. ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय शरीराची ही ओळख पुण्यातल्या संशोधनातून जगापुढे आली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाने दाखवले की हा प्रकार जन्मापासूनच असतो. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने खूपच हलकी असतात, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते.

याचा ग्रोथ हार्मोनशी थेट संबंध आहे. १९९७ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी निरोगी प्रौढांमध्ये दाखवले की या हार्मोनचे प्रमाण वय किंवा लिंगापेक्षा पोटातल्या चरबीवर अधिक अवलंबून असते. मग बीएमआय २४ असलेला, पण पोट सुटलेला पुणेकर घ्या. युरोपीय कोष्टकात तो ‘सडपातळ’ ठरतो, त्याच्याकडून ११.५ ची अपेक्षा केली जाते आणि तो नापास होतो. आपल्याकडे मात्र २३ च्या पुढे वजन जास्त मानावे आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच सुचवले आहे. त्या हिशेबाने त्याची उसळी त्याच्या चरबीला साजेशीच असते. दोष ग्रंथीचा नसतो, दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या सदऱ्याचा असतो.

आपले स्वतःचे माप घेणे अशक्य नाही, हेही पुण्यानेच दाखवले आहे. मुलांची उंची आणि वजन मोजण्याचे भारतीय आलेख भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सुधारून दिले. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. प्रौढांच्या हार्मोन चाचण्यांसाठीही असे काम व्हायला हवे. निरोगी भारतीय स्त्री-पुरुष, वेगवेगळी वये, कमरेचा घेर मोजलेला, उसळी नोंदलेली. हे होत नाही तोवर उसनी रेघ वापरताना हात आखडता ठेवणे, एवढेच आपल्या हातात आहे.

याशिवाय यंत्रांचा फरक आहेच. एकाच रक्ताचा नमुना वेगवेगळ्या किटवर मोजला तर आकडे वेगळे येतात. ग्रोथ हार्मोन रक्तात एकाच रूपात नसते आणि प्रत्येक किट सगळी रूपे सारखीच पकडते असे नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या गोळ्या खाणाऱ्यांमध्ये काही किट आकडा खोटाच कमी दाखवतात. गर्भनिरोधक गोळ्या, थायरॉइडची कमतरता, आदल्या रात्रीची अपुरी झोप, कडक उपास या सगळ्यांनी हार्मोनचे किंवा त्याच्याशी जोडलेल्या आयजीएफ-१ या घटकाचे आकडे हलतात. निरोगी प्रौढांवर तीच उत्तेजन चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली तर उसळी बरीच बदललेली आढळते. सोमवारी नापास झालेला गुरुवारी पास होऊ शकतो.

खेळाच्या मैदानातला एक निकाल या संदर्भात मला मार्मिक वाटतो. एस्टोनियाचा ऑलिंपिक विजेता स्कीपटू आंद्रुस वेरपालू २०११ मध्ये ग्रोथ हार्मोन घेतल्याच्या चाचणीत दोषी ठरला. ती चाचणी वेगळी, बाहेरून घेतलेले हार्मोन पकडणारी. प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेले आणि २०१३ मध्ये लवादाने त्याच्यावरची बंदी उठवली. चाचणीचे तत्त्व बरोबर आहे, पण ‘या आकड्यापुढे दोषी’ ही रेघ पुरेशा भक्कम पायावर आखल्याचे सिद्ध झालेले नाही, असे लवादाने म्हटले. त्याने हार्मोन घेतलेच नाही, असे प्रमाणपत्र लवादाने दिले नव्हते. एका खेळाडूला दोषी ठरवताना रेघेचा पाया इतक्या बारकाईने तपासला जातो. एखाद्या माणसाला आयुष्यभराचा रोगी ठरवताना आपण निदान तेवढी तरी काळजी घ्यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

‘बिघडलं काय’चे उत्तर

खोट्या ‘लो’नंतर काय होते? पहिली पायरी म्हणजे मेंदूचा एमआरआय. निरोगी माणसांचे एमआरआय केले तर साधारण दहांतल्या एकाच्या पीयूषिकेत काही ना काही बारीक ठिपका दिसतो. बहुतेक ठिपके आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. पण एकदा दिसला की त्याचे नाव रिपोर्टमध्ये येते, ‘ट्यूमर’ हा शब्द घरात येतो आणि झोप उडते. गाढ झोप उडाली की ग्रोथ हार्मोनची सर्वांत मोठी लाटही जाते.

दुसरी पायरी इंजेक्शनांची. हे खूळ कुठून आले, तेही सांगतो. १९९० मध्ये डॅनियल रडमन यांनी अमेरिकेत साठीच्या पुढच्या पुरुषांवर केलेला छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने ग्रोथ हार्मोन घेतलेल्या १२ जणांची चरबी घटली आणि स्नायूंचे वजन वाढले. तेवढ्यावर ‘तारुण्याचे इंजेक्शन’ म्हणून बाजार उभा राहिला. पुढे २००७ मध्ये निरोगी वृद्धांवरच्या अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. फायदा : चरबी सुमारे दोन किलो कमी, चरबीविरहित वजन सुमारे दोन किलो जास्त. तोटा : अंगावर सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबून हाताला मुंग्या, पुरुषांत स्तनांची वाढ आणि साखर वाढण्याकडे कल. आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपल्या समाजात हा सौदा कोणी करावा? दोन किलो चरबी तर पर्वती रोज चढूनही जाते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ‘मला थकवा येतो, पोट वाढलंय, उत्साह नाही. ही या कमतरतेचीच लक्षणे आहेत ना?’ आहेत. पण ती रात्री बारापर्यंत स्क्रीनसमोर बसण्याची, रक्त कमी असण्याची, थायरॉइडची, बी-१२ च्या कमतरतेची, घोरणे आणि झोपेत श्वास अडकण्याची, मनाच्या उदासीनतेचीही लक्षणे आहेत. ही सगळी कारणे कितीतरी अधिक सर्रास आढळतात आणि ती शोधायला इन्शुलिन देऊन कोणाला घाम फोडावा लागत नाही. थकवा खोटा आहे, असे मी म्हणत नाही. त्याचे कारण चुकीच्या ठिकाणी शोधले जाते, एवढेच म्हणतो.

आणि ज्यांना खरोखर हवी आहे?

दुसरी बाजू मांडली नाही तर हा लेख अर्धवट राहील. प्रौढांमधील ग्रोथ हार्मोनची कमतरता हा काल्पनिक आजार नाही. पीयूषिकेची गाठ, तिच्यावरची शस्त्रक्रिया, डोक्याला दिलेले रेडिएशन, अपघातात डोक्याला बसलेला जबर मार यांनंतर ती होते. आणि आपल्या ग्रामीण भागात दोन कारणे अशी आहेत, ज्यांची आठवण शहरी चेकअपच्या यादीला कधीच होत नाही.

पहिले कारण बाळंतपणातला अतिरक्तस्राव. गरोदरपणी पीयूषिका मोठी झालेली असते. खूप रक्त गेले की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती वाळून जाते. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले. अशा बाईला दूध उतरत नाही, पाळी परत येत नाही, काखेतले केस गळतात, ती कायम थकलेली असते. घरचे म्हणतात, बाळंतपणाने खचली. काश्मीर खोऱ्यातल्या एका पाहणीत मुले झालेल्या, विशी ओलांडलेल्या स्त्रियांत सुमारे ३ टक्के स्त्रियांना हा आजार आढळला होता. दुसरे कारण घोणस. या सापाच्या दंशानंतर जीव वाचला तरी काहींची पीयूषिका कायमची निकामी होते. म्यानमारमधून १९८७ मध्ये याचे सविस्तर वर्णन झाले आणि भारतातूनही अशा रुग्णांच्या नोंदी आहेत. घोणस चावतो तो भाताच्या खाचरात आणि उसाच्या फडात राबणाऱ्याला.

असे रुग्ण सरकारी रुग्णालयात पोहोचतात ते बहुधा अनेक वर्षांनी. कधी उलट्या-जुलाबाच्या निमित्ताने रक्तदाब कोसळून, कधी सोडियम घसरून बेशुद्धीत. त्यांची खरी तातडीची गरज कॉर्टिसॉल आणि थायरॉइड ही असते. कॉर्टिसॉलविना जीव जातो. ग्रोथ हार्मोनचा विचार त्यानंतर. आणि इथे एक विरोधाभास आहे. पीयूषिकेची तीन किंवा अधिक हार्मोने कमी असतील आणि आयजीएफ-१ ही कमी असेल, तर उत्तेजन चाचणीची गरजच नसते. निदान तसेच पक्के होते, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे जिथे रोग उघड आहे तिथे चाचणी अनावश्यक, जिथे शंकेला जागाच नाही तिथे ती दिशाभूल करणारी. तिचा खरा उपयोग मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात : डोक्याला मार लागलेला, पीयूषिकेवर उपचार झालेला, किंवा लहानपणी कमतरता म्हणून इंजेक्शने घेतलेला आणि आता वाढ पूर्ण झालेला तरुण. या शेवटच्या गटातल्या बऱ्याच जणांची चाचणी पुन्हा केली तर ती नॉर्मल येते आणि त्यांची इंजेक्शने थांबवता येतात. तिथे ही चाचणी सोन्यासारखी आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. निरोगी लोकांच्या चेकअपच्या यादीतून ग्रोथ हार्मोन काढून टाकावे. एका नमुन्यावर ते मोजायचेच असेल तर लॅबने रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापावे : या एका आकड्यावरून कमतरता ठरत नाही. उत्तेजन चाचणी हार्मोनतज्ज्ञाने कारण लिहून सांगितल्याशिवाय होऊ नये. आणि सरकारी यंत्रणेने बिनखर्चाचे एक काम करावे. बाळंतपणात जास्त रक्तस्राव झालेल्या आणि घोणस चावून वाचलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर सूचना लिहावी : तीन महिन्यांनी परत या. परत आल्यावर थकवा, पाळी किंवा पुरुषत्व, आणि चक्कर यांबद्दल तीन प्रश्न विचारावेत. उत्तर संशयास्पद असेल तर सकाळचे कॉर्टिसॉल आणि थायरॉइड तपासावे. गावातल्या आशाताईंनाही हे तीन प्रश्न शिकवता येतील.

वाचकांपैकी कोणाच्या हातात आज असा ‘लो’ रिपोर्ट असेल, तर त्यांनी स्वतःला एवढेच विचारावे : डोक्याला मोठा मार लागला होता का, मेंदूची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झाले होते का, बाळंतपणात रक्त चढवावे लागले होते का, विषारी साप चावला होता का, लहानपणी उंचीसाठी इंजेक्शने घेतली होती का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर हार्मोनतज्ज्ञाला जरूर भेटावे, उशीर करू नये. सगळी उत्तरे ‘नाही’ असतील तर तो कागद फाइलला लावून ठेवावा, थकव्याची नेहमीची कारणे आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत आणि त्या रात्री वेळेवर झोपावे.